भोवऱ्यांचं सिम्युलेशन भारी दिसतंय पण उत्तर चुकतंय? या चुका टाळा

प्रवाहातले भोवरे कॉम्प्युटरवर फिरवायचे म्हटलं की बहुतेक जण पॉइंट व्हॉर्टेक्सपासून (एका बिंदूत गोळा केलेला भोवरा) सुरुवात करतात, कारण हेल्महोल्ट्झने १८५८ मध्ये मांडलेली कल्पना कोडमध्ये दोन ओळीत बसते आणि तासाभरात स्क्रीनवर काहीतरी हलायला लागतं. गोची इथेच आहे. हे सिम्युलेशन चुकलं तरी दिसायला सुंदरच दिसतं, सगळं गरगर फिरतंय म्हणजे टर्ब्युलन्स आला असं वाटतं, आणि फिरत असते ती नुसती टाइमस्टेपची (वेळ ज्या छोट्या तुकड्यांनी पुढे नेतो तो तुकडा) एरर.

म्हणून शंभर भोवरे टाकायच्या आधी दोनच टाका. दोघांचं सर्क्युलेशन (भोवऱ्याची ताकद, प्लस म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने) १, मधलं अंतर १. उत्तर आधीच माहितीये: अंतर तेवढंच राहणार आणि एक फेरी २ गुणिले पाय-वर्ग, म्हणजे १९.७४ इतक्या वेळात पूर्ण होणार. फेरी ३.१४ मध्येच झाली? २ पायने भागायचं राहिलंय. दोघं सरळ रेषेत लांब पळतायत? वेग जोडणाऱ्या रेषेला काटकोनात हवा, तुमच्या कोडमध्ये एक्स आणि वायची अदलाबदल राहिलीये. उलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरतायत? मायनस चुकीच्या ओळीत पडलाय. ही दहा मिनिटांची टेस्ट लोक का टाळतात कळत नाही.

आता सगळ्यात कॉमन चूक, साधी युलर मेथड, म्हणजे आत्ताचा वेग धरून पूर्ण स्टेपभर सरळ पुढे जायचं. त्यात प्रत्येक स्टेपला भोवरा स्पर्शरेषेने बाहेर सरकतो आणि परत आत येतच नाही. वरच्याच जोडीला ०.१ चा स्टेप देऊन बघा, १९.७४ वेळ झाल्यावर अंतर १ चं साधारण १.०९ झालेलं असतं, म्हणजे एका फेरीच्या वेळात नऊ टक्के, आणि जोडी जितकी जवळ तितकं हे जास्त. आरके४ (रुंगे-कुट्टा, एका स्टेपमध्ये चारदा वेग काढणारी पद्धत) लावा, विषय संपला. पण तिथेही स्टेप एकदा ठरवून विसरू नका, कारण अंतर दहा पट कमी झालं की जोडी शंभर पट जोरात फिरते, त्यामुळे स्टेप सगळ्यात जवळच्या जोडीवरून ठरवायचा, सरासरी अंतरावरून नाही.

"सगळ्या भोवऱ्यांचं सेंटर जागेवर आहे, म्हणजे कोड बरोबर" हे तर खूप जण म्हणतात. अहो, ते सेंटर ज्यावरून निघतं ती सर्क्युलेशन गुणिले एक्सची बेरीज युलरसुद्धा जशीच्या तशी सांभाळतो, त्या चेकने काहीच सिद्ध होत नाही! एनर्जी तपासा (कर्कहॉफचं हॅमिल्टोनियन, म्हणजे जोड्यांमधल्या अंतरांच्या लॉगवरून निघणारी एनर्जी), आणि सर्क्युलेशन गुणिले आर-वर्गची (इथे आर म्हणजे मूळबिंदूपासूनचं अंतर) बेरीज पण. फक्त ही दुसरी गोष्ट मोकळ्या प्रतलात टिकते, पिरियॉडिक बॉक्समध्ये (एका बाजूने बाहेर गेलेलं दुसऱ्या बाजूने आत येतं असा चौकोन) नाही, तिथे ती बदलली म्हणून घाबरायचं कारण नाही. बॉक्समध्ये बघायचं ते वेगळंच: एकूण सर्क्युलेशन शून्य हवं, आणि प्रत्येक भोवऱ्याची फक्त जवळची प्रतिमा (शेजारच्या बॉक्समधली नक्कल) धरून बाकीच्या सोडून चालत नाही, कारण वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात इतका हळू उतरतो की लांबच्या प्रतिमाही बोलत राहतात.

शून्याने भागाकार टाळायला आर-वर्गमध्ये (इथे आर म्हणजे दोन भोवऱ्यांमधलं अंतर) डेल्टा-वर्ग (डेल्टा म्हणजे आपण ठरवलेली छोटी लांबी) मिळवतात, ते ठीक, पण मग एनर्जीतही तोच मिळवा की! वेगात डेल्टा आणि लॉगमध्ये नुसता आर, असं केलं की एनर्जी हलताना दिसते आणि लोक उगाच आरके४ ला शिव्या देतात. आणि व्हॉर्टेक्स शीट (भोवऱ्यांचा सलग पातळ थर, बिंदूंच्या रांगेने दाखवलेला) मांडताय तर डेल्टा बिंदूंमधल्या अंतरापेक्षा मोठा ठेवा. रोझनहेडने १९३१ मध्ये मोजक्या बिंदूंनी शीट गुंडाळून दाखवली होती, नंतर लोकांनी बिंदू वाढवले तर चित्र सुधारायच्या ऐवजी विस्कटलं, कारण शीटवर ठराविक वेळात सिंग्युलॅरिटी (गणित अनंतात जाणारी जागा) येते आणि राउंडऑफही (आकडे कापल्याने होणारी बारीक चूक) भराभर वाढतो. क्रॅस्नीने १९८६ मध्ये हा गुंता बराच सोडवला.

भोवरे मर्ज होत नाहीत अशी तक्रार असेल तर कोड बरोबर आहे, दोन पॉइंट व्हॉर्टेक्स कधीच मर्ज होत नाहीत, कायम फिरतच राहतात. मर्जिंगला आकार लागतो, सारख्या गोल पॅचच्या (पसरलेल्या भोवऱ्यांच्या) केंद्रांमधलं अंतर त्रिज्येच्या साधारण सव्वातीन पटीच्या आत आलं की ते एकमेकात मिसळतात. दोन चक्रीवादळं एकमेकांभोवती फिरतात तो फुजिव्हारा इफेक्ट पॉइंट मॉडेलमध्ये दिसेल, पण ती एक झाली तर ते दिसणार नाही.

चार किंवा जास्त भोवरे असले की गोष्ट सहसा केऑटिक (बारीकसा फरकही झपाट्याने वाढतो अशी) होते, त्यामुळे स्टेप अर्धा केल्यावर मार्ग वेगळे निघाले तर कोड मोडू नका. एनर्जी जुळते का आणि स्टॅटिस्टिक्स तेच येतात का एवढं पाहा. आणि हे सगळं टूडी आहे हो, इथे भोवरे ताणले जात नाहीत, एनर्जी मोठ्या आकारांकडे जाते (ऑन्सागर १९४९, क्रेकनन १९६७), म्हणून थ्रीडीसारखी लहान आकारांकडे जाणारी एनर्जी यात शोधत बसू नका.

स्पीडचं म्हणाल तर हजार भोवरे म्हणजे ४,९९,५०० जोड्या, नमपायच्या (पायथनची लायब्ररी) ॲरेने एवढं लॅपटॉपवर निघतं. त्याच्या बरंच पुढे गेलात तर फास्ट मल्टिपोल (लांबच्या भोवऱ्यांचे गट करून एकत्र हिशोब करणारी पद्धत), पण त्याचा टॉलरन्स (चालवून घेतलेली चूक) ढिला ठेवला की एनर्जी हळूच सरकते, तेव्हा दोनशे-तीनशे भोवऱ्यांवर आधी थेट बेरजेशी वेग ताडून बघा.