दर नगामागे ऑफसेट बदलू नका
ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २० मिमी, अधिक-उणे ०.०२. नग २०.००८ आला की ऑपरेटरचा हात लगेच ऑफसेटकडे (मशीनमध्ये टूलची जागा थोडी सरकवणाऱ्या सेटिंगकडे) जातो. तिथेच थांबा. तो फरक मशीनच्या नेहमीच्या चढउतारातला असेल, तर दुरुस्तीने पुढचे नग उलट जास्तच हलतात.

त्यापेक्षा दर तासाला सलग ५ नग मोजा. त्यांची सरासरी लिहा आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातला फरक, म्हणजे रेंज, लिहा. असे २०-२५ गट झाले की सरासरी रेंजला ०.५७७ ने गुणा (हा आकडा फक्त ५ नगांच्या गटासाठी). उत्तर एकूण सरासरीत मिळवा, त्यातूनच वजाही करा. समजा, एकूण सरासरी २०.००४ आणि सरासरी रेंज ०.०१० निघाली, मग पट्टा झाला १९.९९८ ते २०.०१०. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला कंट्रोल चार्ट तो हाच.

गटाची सरासरी पट्ट्यात आहे आणि रेंज ०.०२१ च्या (सरासरी रेंजच्या २.११४ पट) आत आहे, तोवर सेटिंग तसंच राहू द्या. चार्टवरचा बिंदू (गटाची सरासरी किंवा रेंज) बाहेर गेला किंवा सरासरीचे सलग ८ बिंदू मधल्या रेषेच्या (एकूण सरासरीच्या) एकाच बाजूला पडले, तर मात्र इन्सर्टची (कापणाऱ्या टोकाची) झीज, कॉलेट (बार पकडणारा भाग), बारची नवी लॉट तपासा.

ड्रॉइंगच्या मर्यादा या चार्टवर आखू नका. त्या एकेका नगासाठी असतात, सरासरीसाठी नाहीत. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आणि मोजण्याआधी नग गार होऊ द्या, मायक्रोमीटरची तोंडं पुसून घ्या.