लक्झरी फोनचा इंटरफेस करताना या चुका टाळा

महागड्या फोनची स्क्रीन म्हटली की काळी पार्श्वभूमी आणि सोनेरी अक्षरं ठरलेलीच. नेहमीचा सोनेरी (लाल 212, हिरवा 175, निळा 55) काळ्यावर छान उठतो, कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) जवळपास 10:1. तोच रंग लाइट मोडमध्ये पांढऱ्यावर गेला की 2.1:1 वर घसरतो. बारीक मजकुराला किमान 4.5:1 लागतो. त्यामुळे लाइट मोडसाठी वेगळा सोनेरी ठरवा. 133, 100, 20 घेतला तर सुमारे 5.5:1 मिळतो. दिसतो जुन्या पितळेसारखा, पण वाचता येतो.

काळ्यातही गोम आहे. ओएलईडी स्क्रीनवर प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे शुद्ध काळा म्हणजे बंद पिक्सेल. तो पुन्हा उजळायला किंचित वेळ लागतो, म्हणून स्क्रोल करताना अक्षरांमागे शेपूट दिसते. 18, 18, 18 असा गडद राखाडी वापरा. 2400 पिक्सेल उंच स्क्रीनवर 0 ते 40 असा राखाडी ग्रेडियंट (हळूहळू बदलणारी छटा) दिलात तर प्रत्येक छटेला सुमारे 60 पिक्सेलचा पट्टा येतो आणि तो डोळ्याला दिसतो. वर एक-दोन टक्के नॉइज (बारीक दाणेदारपणा) टाकला की पट्टे विरतात.

सगळ्यात जास्त घोळ मराठी मजकुरात होतो. इंग्रजी शीर्षकांना रुबाब यावा म्हणून अक्षरांत अंतर सोडतात. तेच सेटिंग देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि ‘सेटिंग्ज’चे तुकडे दिसतात. मराठीसाठी हे अंतर शून्यच ठेवा. हेअरलाइन वजनाचा, म्हणजे केसासारख्या बारीक रेघांचा फॉन्टही नको: जोडाक्षरांतल्या बारीक रेघा लहान आकारात गायब होतात, रेग्युलरच्या खाली उतरू नका. ओळीची उंची फॉन्टच्या 1.5 पट धरा. अँड्रॉइडमध्ये फॉन्ट पॅडिंग (अक्षरांच्या वर-खाली सोडलेली जागा) बंद केलं असेल तर ‘मूर्तींवर’मधला रफार-अनुस्वार वरून कापला जातो आणि ‘कर्तृत्व’मधला ऋकार खालून. चाचणीला हेच दोन शब्द टाका. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवायलाही विसरू नका, नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. अर्थात फॉन्टमध्ये मराठी वळण असेल तरच याचा उपयोग.

अ‍ॅनिमेशन संथ म्हणजे शाही, हा गैरसमज. 800 मिलिसेकंदांत उघडणारी स्क्रीन दुसऱ्याच दिवशी रटाळ वाटते. उघडायला 250 ते 300, बंद व्हायला 200 पुरे.

गोल डिस्प्ले असेल तर आधी गणित करा. 2008 च्या मोटोरोला ऑराचा गोल 480 पिक्सेल व्यासाचा होता. त्यात बसणारा चौकोन जेमतेम 339 पिक्सेलचा. यादीची पहिली आणि शेवटची ओळ कडेला कापली जाते ती इथेच.

कॉन्सिअर्ज बटणाचंही बघा, म्हणजे ग्राहकाची कामं करून देणाऱ्या मदतनीस सेवेला कॉल लावणारं बटण. व्हर्टू या लक्झरी फोन कंपनीने ते फोनच्या कडेला खरं बटण म्हणून दिलं होतं. स्क्रीनवर आणताना ते अगदी तळाशी ठेवलं तर होमकडे स्वाइप करताना चुकून कॉल लागतो. बटण 48 डीपीचं (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) करा, तळापासून वर उचला आणि अर्धा सेकंद दाबून धरल्यावरच कॉल जाऊ द्या.