घरचं गोल्फ मैदान गेममध्ये उतरवण्याआधी

कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी एक दिवस ठरवा. काम सुरू करायचा मुहूर्त नव्हे. तुमचं मैदान ज्या दिवशी जसं होतं तसं तुम्हाला गेममध्ये हवं आहे, तो दिवस. आपल्याकडचं मैदान वर्षातून तीनदा कात टाकतं. मे महिन्यात फेअरवे, म्हणजे फटके मारत जायचा मधला गवताचा पट्टा, पिवळा पडून असा कडक होतो की साधा फटकाही पडल्यावर पळत सुटतो. जुलैत तोच बॉल पडल्या जागी रुततो. ऑक्टोबरात गवत दाट, नाला अजून वाहता आणि सकाळी आठपर्यंत ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दव. मी दसऱ्याच्या सुमाराची सकाळ धरली. हे आधी ठरवलं नाही तर हातून गुलमोहर मेमधला, नाला जुलैतला आणि ग्रीन जानेवारीतली होते. फुललेला गुलमोहर आणि भरून वाहणारा नाला आमच्या मैदानावर कुणी एकत्र पाहिलेला नाही. खेळणाऱ्याला चूक नेमकी दाखवता येणार नाही, पण हे आपलं मैदान नव्हे, एवढं त्याला पहिल्याच टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागीच, कळेल.

आमचं मैदान नऊ होलचं, साठेक एकरांचं. अण्णांनी तिथे माळी म्हणून उमेदीची सारी वर्षं घालवली आणि मी त्यांच्या मशीनमागे चालत लहानाची मोठी झाले. आता त्यांना दोन पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून हे मैदान मला घरात आणायचं होतं. गेल्या दोन वर्षांत जे उलट्या क्रमाने केलं आणि मग पुन्हा करावं लागलं, ते सुलट करून इथे लिहिते आहे.

दिवस ठरला की क्लबच्या सेक्रेटरींना पत्र द्या. मैदान मोजायचं आहे, फोटो काढायचे आहेत, गेममध्ये क्लबचं नाव आणि चिन्ह वापरायचं आहे, या तिन्ही गोष्टींची परवानगी वेगवेगळी आणि लेखी मागा. मैदान लष्कराच्या हद्दीत असेल तर परवानगीशिवाय मोबाइलही खिशातून काढू नका.

त्यानंतर वही घ्या आणि माणसांकडे जा. यादीतलं हे काम सगळ्यात मोठं आहे आणि बहुतेक जण ते शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. एका जुन्या कॅडीमामांबरोबर, म्हणजे खेळणाऱ्यांची बॅग वाहणाऱ्या जाणत्या माणसाबरोबर, पूर्ण फेरी चाला. खेळायचं नाही, नुसतं चालायचं. प्रत्येक होलवर एकच विचारा: बॉल थांबतो कुठे? मारतात कुठे, ते सगळ्यांना दिसतं. थांबतो कुठे, ते मामांना माहीत असतं. फेअरवे जिथे नाल्याकडे कलतो तिथे गवतात एक पट्टा घासून पातळ झालेला असतो, कारण वर्षानुवर्षं सगळे बॉल तिथेच येऊन थांबतात आणि तिथूनच मातीचे तुकडे उडतात. तो पट्टा वहीत काढून घ्या. ग्रीनवर आल्यावर चारही बाजूंनी विचारा, उतार धरून नेम किती बाजूला घ्यायचा: इथून किती कप उजवीकडे? तिथून किती? कप म्हणजे ग्रीनवरचं भोक, त्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. तेव्हा ‘दोन कप डावीकडे’ म्हणजे एकवीस-बावीस सेंटिमीटर झाले. कॅडीची भाषा हे चोख मोजमाप आहे, लिहून घेतलं की पुढे पडताळायला उपयोगी पडतं. दोन कॅडींना वेगवेगळं विचारा. दोघांची उत्तरं जुळली तिथे निर्धास्त राहा, जुळली नाहीत त्या जागेवर खूण करा. तिथे मोजणी दाट घ्यावी लागेल.

आमच्या पाचव्या ग्रीनचं उदाहरण देते. समोर उभं राहिलं की ग्रीन मागे चढत गेलेली दिसते. मामा म्हणाले, “ताई, डोळ्याचं ऐकू नका, तो नाल्याकडेच ओढतो.” मला पटलं नव्हतं. मोजल्यावर निघालं की ग्रीन मागच्या बाजूला २० सेंटिमीटर खाली आहे. मागचा बांध उंच असल्यामुळे चढाचा भास होतो. मी डोळ्यांवर विसंबून ही ग्रीन आधी चढती केली होती.

माळीकामातल्या माणसांना दुसरे प्रश्न विचारा: कुठे मुरूम टाकून भराव केला, कुठे पाइप गाडलाय, कुठल्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पाणी साठतं, कुठलं झाड नंतर लावलं. सातव्या टीपुढचा उंचवटा आहे कसा, हे मला माहीत होतं. तो विहिरीतून निघालेल्या मातीचा आहे, हे अण्णांनी सांगितल्यावरच त्याचा आकार मला नीट काढता आला, कारण टाकलेल्या मातीचा ढीग आणि मूळची टेकडी यांचे उतार वेगळे असतात.

आता उंचीची मोजमापं. इंटरनेटवरची मार्गदर्शनं सुरू होतात ती लायडार उतरवून घ्या, या वाक्याने. ती लिहिणारे इंग्लंड-अमेरिकेतले असतात. विमानातून लेझरने मोजलेली जमीन इंग्लंडमध्ये १ मीटरच्या बारकाव्याने सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या थ्रीडीईपी प्रकल्पात बहुतेक भागांची मिळते. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांचं मैदान तिथलंच असेल तर त्यांनी हे दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावं. आपल्याकडे सहज मिळतं ते इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं कार्टोसॅट किंवा युरोपचं कोपर्निकस, दोन्ही ३० मीटरचं. म्हणजे एक चौकट ९०० चौरस मीटरची. साधारण ग्रीन ४००-५०० चौरस मीटर भरते. सबंध ग्रीन, तिचे दोन्ही बंकर आणि शेजारचा कडुनिंब मिळून एक आकडा! शिवाय त्यात झाडांचे शेंडेही जमीन म्हणून मोजलेले असतात. हा डेटा मैदानाबाहेरच्या टेकड्यांसाठी ठेवा, त्या मात्र त्यातून छान उतरतात. मैदान आपणच मोजायचं.

ड्रोन मिळाला तर फेअरवेचं काम सोपं होतं. आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा पाहा. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या हिरव्या भागात) ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. ८ किलोमीटरच्या आत मात्र लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी पायलटचा परवाना लागत नाही. उडवायचं मे महिन्यात, गवत वाळून बसलेलं असताना, कारण फोटोंतून बनवलेल्या नकाशात मोजला जातो तो गवताचा माथा. तेव्हा मोजमाप मेचं घ्या आणि रंग ऑक्टोबरचे. क्रिकेटच्या मैदानावर टाकतात ती फक्की घेऊन जमिनीवर दहा-बारा ठळक फुल्या मारा, त्यांच्या जागा मोजून ठेवा आणि फोटो एकमेकांवर ७०-८० टक्के चढतील असे काढा. वेबओडीएम हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून उंचीचा नकाशा काढून देतं.

ग्रीनसाठी ड्रोन पुरत नाही, तिथे दोन सेंटिमीटरचाही फरक पडतो. ओळखीच्या बांधकाम ठेकेदाराकडून ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि पट्टी दिवसाच्या भाड्याने आणा. तेही नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप चालेल; वेळ लागतो, पण पाणी खोटं बोलत नाही. न हलणारी एक जागा शून्य धरा, आम्ही मोरीचा कठडा धरला आणि त्यावर रंगाने खूण केली. ग्रीनवर दोन-दोन मीटरवर दोरी आखून प्रत्येक छेदावर उंची घ्या. २२ बाय २० मीटरच्या ग्रीनला १३२ नोंदी होतात. दोन माणसं लागतात, एक पट्टी धरायला आणि एक वाचायला-लिहायला. सकाळी पहिला गट येण्याआधी दोन ग्रीन होतात. पट्टी धरायला माझा भाचा आला होता आणि नाश्त्याला मिसळ ठरलेली होती, हेही तयारीत धरा.

जीपीएसची उंची आणि उपग्रहाच्या नकाशातली उंची एकत्र मिसळू नका. दोन्ही वेगळ्या पातळीपासून मोजतात आणि महाराष्ट्रात त्यांच्यात पन्नास मीटरांहून जास्त अंतर पडतं. सगळं मोरीच्या कठड्यापासून मोजलं की हा घोळच उरत नाही.

आता कॉम्प्युटर. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, तेच घ्या. प्रकल्प उघडल्यावर यूटीएम झोन, म्हणजे नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले उभे पट्टे, त्यातला आपला बरोबर लावा: पुणे, नाशिक, कोल्हापूर, गोवा ४३ उत्तर, नागपूर, चंद्रपूर ४४ उत्तर. जमिनीचा चौकोन १०२४ मीटरचा आणि बिंदू एका बाजूला २०४९ घेतले तर दर अर्ध्या मीटरला एक उंची मिळते आणि युनिटीला, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरला, हा आकडा चालतो. फाइल १६ बिटची रॉ काढा. आठ बिटमध्ये उंचीच्या २५६ पायऱ्याच मावतात. मैदानात चाळीस मीटरचा चढउतार असेल तर एकेक पायरी पंधरा-सोळा सेंटिमीटरची होते आणि फेअरवे नदीच्या घाटासारखा दिसतो. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात.

फेअरवे, ग्रीन, बंकर, टी यांच्या कडा आधी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर काढा, त्यात गोल्फसाठी वेगळ्या खुणा आहेत. तिथे बिंग किंवा एस्रीचं उपग्रहचित्र गिरवायला परवानगी आहे, गुगलचं गिरवायचं नाही. तुम्ही अर्ध्यात थकलात तरी निदान मैदान नकाशावर राहतं.

गेम कुठला, हे एवढं झाल्यावर ठरवा. पीजीए टूर २के या गेममधला मैदान बनवायचा डिझाइनर शिकायला सोपा आहे, पण त्यातली झाडं आणि गवत त्यांनी दिलेलीच वापरावी लागतात. मी जीएसप्रो हे गोल्फ सिम्युलेटर घेतलं. त्याची मैदानं युनिटीत बनतात, कडांची चित्रं इंकस्केपमध्ये (चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रंगवून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून आणावी लागतात. शिकायला मला चार महिने लागले, पण पारंब्यांचा वड हवा असेल तर दुसरा रस्ता नाही.

ग्रीनचा वेग, म्हणजे तिच्यावर बॉल किती लांब घरंगळतो ते, मोजल्याशिवाय मोजलेले उतार वाया जातात. अॅल्युमिनियमची ३६ इंचांची व्ही आकाराची पट्टी घ्या, जमिनीकडच्या टोकापासून ३० इंचांवर खाच पाडा. खाचेत बॉल ठेवून पट्टी हळूहळू उचलली की वीसेक अंशांवर तो सुटतो. ग्रीनच्या सपाट भागात तीन बॉल या दिशेने, तीन उलट्या दिशेने सोडा आणि सरासरी फुटांत काढा. आमची साडेसात आली. गेममधली ग्रीन टीव्हीवरच्या स्पर्धांसारखी अकरा-बारा फुटांची ठेवली, की आमच्या तिसऱ्या ग्रीनवर बॉल थांबतच नव्हता. मी दोन आठवडे उतार चुकला म्हणून शोधत बसले. चुकला होता वेग.

गवताचे फोटो सरळ वरून, सावलीत काढा. ग्रीनवरचं बर्म्युडा म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच कुळ, आपली हरळी. तिचा निळसर हिरवा रंग परदेशी गवतात सापडत नाही. छावणीतल्या किंवा लहान गावातल्या जुन्या मैदानांवर हिरवळीच्या ग्रीनऐवजी वाळूत तेल कालवून केलेली ‘ब्राउन’ असत. तुमच्याकडे अजून असतील तर गेमसाठी तो थर ग्रीन म्हणूनच नोंदवा आणि वर वाळूचं चित्र चढवा. आमच्या चौथ्या होलची जुनी ब्राउन मी अशीच बाजूला करून ठेवली आहे, अण्णांच्या आठवणीवरून.

झाडं सगळी मोजू नका. ज्यांना बॉल लागतो ती मोजा. आमच्याकडे ती ४१ निघाली. बाकीची निलगिरी आणि सुबाभूळ यांची रांग मागे लावली की भागतं. वडाच्या पारंब्या मात्र एकेक करून काढा, कारण त्यांतून कुठे फट आहे, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आवाज पहाटे टिपून घ्या: मोर, गवताचं मशीन, रुळांवरून जाणारी मालगाडी.

आणि माती उचलायच्या आधी, म्हणजे युनिटीत पहिला उंचवटा करण्याआधी, वहीतून दहा फटके निवडून एका कागदावर लिहा. कुठून मारला, कुठे पडला, कुठे थांबला. हे फटके गेममध्ये तसेच थांबले तर काम झालं, नाही तर अजून नाही. माझ्या कागदावरचा सहावा: पाचवी ग्रीन, उजव्या बंकरकडून, समोर चढ दिसतो, बॉल मागे नाल्याकडे ओढतो, दोन कप. तो मी अण्णांसमोर लावला. बॉल कपाच्या कडेने खाली गेला तेव्हा ते खुर्चीतून जरा पुढे सरकले आणि म्हणाले, “मागचं गवत वाढलंय. कापायला हवं.”