छातीत धडधडतंय? गूगल नंतर, आधी घड्याळ बघा

गेल्या मे महिन्यात ठाणे स्टेशनला पूल उतरून धावतपळत दहा नंबरवरची वाशी गाडी पकडली, चक्क सीटपण मिळाली, आणि बसल्यावर छातीत असं काही धडधडायला लागलं की वाटलं समोरच्या बाईला ऐकू जात असेल. ऐरोलीला उतरेपर्यंत थांबलं. घरी आईला सांगितलं तर तिचं ठरलेलं, गॅस झालाय, ओवा खा. खाल्ला. पुढच्या आठवड्यात परत तेच, आणि यावेळी तर ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या.

आधी हे समजून घ्या की धडधड हा आजार नाहीये, ते लक्षण आहे. आपल्या हार्टचा ठोका दिवसात साधारण एक लाख वेळा पडतो आणि आपल्याला पत्ता नसतो, तो पत्ता लागायला लागला की त्याला धडधड म्हणायचं बस. पण कशी होते त्यात फरक असतो आणि डॉक्टरला तोच हवा असतो. ठोका चुकला आणि मग एकदम धप्पकन पडला असं वाटतं ना, तेव्हा खरं तर चुकलेलं काही नसतं, एक ठोका वेळेआधी पडून जातो, मग जरा गॅप पडते, तेवढ्यात रक्त जास्त भरतं म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो. हे धडधाकट माणसालाही होतं, जागरण झालं, चहा-कॉफी जास्त झाली की अजून. ताप, भीती, टेन्शन, जिना यात स्पीड हळूहळू वाढतो आणि हळूहळूच उतरतो. पण बटण दाबल्यासारखं एकदम चालू, दीडशेच्या वर, आणि तसंच एकदम बंद, असं होत असेल तर ती हार्टच्या वायरिंगची भानगड असू शकते. आणि ठोक्यांना काही तालच नाही, कसेही पडतायत, हे वय झालेल्या माणसात दिसलं तर अजिबात अंगावर काढायचं नाही कारण त्यात हार्टमध्ये गुठळी होऊन पॅरालिसिसचा धोका असतो.

आता होत असताना काय करायचं. बसा, किती वाजले बघा, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा (अंगठा नको, त्याची स्वतःचीच नाडी लागते) आणि पूर्ण 60 सेकंद मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शहाणपणा इथे नको कारण ताल बिघडला असेल तर आकडा चुकतो. शांत बसल्यावर 60 ते 100 नॉर्मल. मग तोच ताल टेबलावर बोटाने वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, वेडेपणा वाटेल पण माझ्या डॉक्टरने तो खरंच ऐकला. कारण असं की साधा ईसीजी फक्त दहा सेकंदांचा असतो, तुम्ही तिथे पोचेपर्यंत धडधड थांबली की कागद नॉर्मलच येणार. म्हणून जमलं तर होत असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या. स्मार्टवॉच असेल तर आकडा लिहून ठेवा, पण वॉच नॉर्मल म्हणतंय म्हणून गप्प बसू नका.

धडधडीबरोबर छातीत दुखणं किंवा दाब, दम लागणं, दरदरून घाम, चक्कर येऊन पडणं यातलं काहीही असेल तर ओवा नाही, ॲम्ब्युलन्सचा 108. आणि स्वतः बाईक काढून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये घुसू नका प्लीज. व्यायाम करताना किंवा पळताना धडधडून डोळ्यापुढे अंधारी आली, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय, आधीच हार्टचा त्रास आहे, तर थांबलं असलं तरी दाखवायचंच. बसून आकडा 120 च्या वर आहे आणि उतरतच नाहीये तर त्याच दिवशी, रात्र असेल तर कॅज्युअल्टीत.

बाकीच्यांनी सावकाश फॅमिली डॉक्टरकडे जा, पण यादी घेऊन जा: कधी, किती मिनिटं, काय खाल्लं-प्यायलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. दम्याचा पंप, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, याने पण धडधडतं, आणि शुगरवाल्यांनी त्यावेळी शुगर चेक करावी, कमी झाली तरी असंच होतं. ईसीजी, सीबीसी (रक्ताची साधी तपासणी), थायरॉईड बहुतेक सांगतातच, गरज वाटली तर टूडी एको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, आणि अंगाला मशीन लावून 24 किंवा 48 तास रेकॉर्ड करतात तो होल्टर. शेजारच्या काकांची बीपीची गोळी अर्धी करून घेणारे महाभाग आमच्या सोसायटीत आहेत, तसलं काही करू नका.

माझ्या बाबतीत पहिल्या डॉक्टरने दोन मिनिटांत टेन्शन घेऊ नका म्हणून ॲसिडिटीची गोळी दिली, बायकांना हे जरा जास्तच ऐकावं लागतं असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरीने पापणी खाली ओढून बघितली, पाळीत किती जातं विचारलं, सीबीसी केली तर हिमोग्लोबिन 8.1. रक्तच कमी, मग हार्ट बिचारं जास्त पळतंय. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, त्याच्या आगेमागे चहा बंद कारण चहाने लोह नीट लागत नाही, त्याऐवजी लिंबू सरबत. सकाळचा चहा सुटणं हे सगळ्यात अवघड गेलं, पण तीनेक महिन्यांनी दहा नंबर धावत गाठला आणि धडधडलं ते फक्त गाडी सुटेल की काय म्हणून.