रिलीफ पिचरच्या बदल्यात काय दिले, हे कसे तोलावे?

शिकागोमध्ये संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, २०१८ मध्ये मी खेळांच्या विश्लेषणाचा एक विषय निवडला होता. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने २५ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन हा रिलीफ पिचर (सुरुवातीच्या पिचरच्या जागी सामन्यात पुढे चेंडू टाकायला येणारा खेळाडू) घेतला आणि त्याच्या बदल्यात ग्लेबर टोरेससह चार खेळाडू दिले. तो व्यवहार योग्य होता का, हे ठरवण्याचा स्वाध्याय माझ्याकडे आला. टोरेस २०१८ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी ऑल-स्टार (हंगामातील निवडक खेळाडूंपैकी एक) झाला होता आणि त्याने २४ होमरन, म्हणजे मैदानाबाहेर टोलावलेले फटके, मारले होते. मी ते सारे आकडे मांडले आणि कब्जने मोठे नुकसान करून घेतले, असा निष्कर्ष काढला. प्राध्यापकांनी वही परत केली तेव्हा टोरेसच्या २४ होमरनभोवती लाल वर्तुळ होते आणि समासात एकच प्रश्न लिहिलेला होता : २५ जुलै २०१६ रोजी यातले काय माहीत होते?

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी तो प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते. व्यवहाराच्या दिवशी टोरेस १९ वर्षांचा होता आणि मर्टल बीचच्या कनिष्ठ संघाकडून खेळत होता. जाणकारांच्या याद्यांमध्ये त्याचे नाव वरच्या पन्नास होतकरू खेळाडूंत होते, परंतु मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, तो एकही सामना खेळलेला नव्हता. पुढच्याच वर्षी धाव पूर्ण करण्यासाठी होमप्लेटकडे घसरत जाताना त्याच्या डाव्या कोपराला दुखापत झाली आणि शस्त्रक्रियेमुळे त्याचा उरलेला हंगाम वाया गेला. होतकरू खेळाडूची किंमत ठरवताना अशा शक्यता गृहीत धराव्याच लागतात. त्याच व्यवहारात गेलेल्या चौघांपैकी ॲडम वॉरन हा मेजर लीगमध्ये आधीच खेळणारा पिचर होता, तर बिली मॅकिनीला यांकीजने २०१८ मध्ये जे. ए. हॅप या पिचरसाठी पुढे देऊन टाकले. होतकरू खेळाडू हा स्वतः खेळण्यासाठी जितका उपयोगी असतो, तितकाच पुढच्या व्यवहारातील चलन म्हणूनही असतो, हे माझ्या पहिल्या मांडणीत कुठेच नव्हते.

दुसरी बाब हक्काच्या वर्षांची. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू साधारणपणे सहा हंगामांची सेवा पूर्ण होईपर्यंत संघाच्या ताब्यात राहतो आणि त्यातील पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो. २०१६ मध्ये हे किमान वेतन ५,०७,५०० डॉलर होते. उलट चॅपमनचा करार त्याच हंगामाअखेर संपणार होता, म्हणजे कब्जला सहा स्वस्त वर्षांच्या शक्यतेच्या मोबदल्यात जेमतेम तीन महिने मिळत होते. केवळ इनिंग (तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव; सामन्यात अशा साधारण नऊ) मोजल्या तर हा हिशेब हास्यास्पद ठरतो, कारण नियमित हंगामात चॅपमनने कब्जसाठी फक्त २६ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग टाकल्या. मात्र रिलीफ पिचरची इनिंग ही सुरुवातीच्या पिचरच्या इनिंगसारखी मोजायची नसते. एका धावेने निकाल फिरेल अशा वेळी चेंडू त्याच्या हातात दिला जातो, आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, विश्रांतीचे दिवस जास्त असल्यामुळे तोच पिचर वारंवार आणि अधिक काळ वापरता येतो.

याचे सर्वांत स्पष्ट दर्शन २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे चार सामने आधी जिंकेल त्याला विजेतेपद देणाऱ्या अंतिम मालिकेत, झाले. क्लीव्हलँडविरुद्धच्या पाचव्या सामन्यात कब्ज ३-२ ने पुढे असताना चॅपमन सातव्या इनिंगमध्ये आला आणि त्याने आठ फलंदाज बाद करण्यासाठी ४२ चेंडू टाकले. मालिका १-३ अशी मागे असताना तो सामना हरला असता, तर सारेच संपले असते. सहाव्या सामन्यातही, आघाडी मोठी असूनही, त्याला उतरवले गेले. सातव्या सामन्यात त्याचा चेंडू पूर्वीसारखा राहिला नव्हता. आठव्या इनिंगमध्ये राजाय डेव्हिसने दोन धावांचा होमरन मारून ६-६ अशी बरोबरी साधली. पावसामुळे थोडा वेळ खेळ थांबला, दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ ने जिंकले आणि १९०८ नंतरचे पहिले विजेतेपद शहरात आले. पाचवा सामना वाचवणारा आणि सातवा जवळजवळ गमावणारा हात एकच होता. म्हणून विजेतेपद मिळाले म्हणजे व्यवहार योग्य ठरला, असे म्हणणे ही माझ्या पहिल्या चुकीचीच उलटी बाजू आहे.

माझे आजचे मत असे आहे की, त्या दिवशीच्या माहितीवर तो व्यवहार महाग, परंतु समर्थनीय होता. कब्ज आपल्या गटात आघाडीवर होते आणि टोरेसच्या शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक) या जागेवर ॲडिसन रसेल व हावियेर बाएझ हे तरुण खेळाडू आधीच होते. त्याच हंगामाच्या सुरुवातीला मेजर लीगने चॅपमनवर कौटुंबिक हिंसाचारविषयक धोरणाखाली ३० सामन्यांची बंदी घातली होती, ही गोष्ट मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही. ती आकड्यांत नाही म्हणून अहवालातून गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ती शब्दांत, पहिल्याच पानावर लिहावी.

तुलनेसाठी दोन व्यवहार अवश्य अभ्यासावेत. ऑगस्ट १९९० मध्ये बॉस्टनने लॅरी अँडरसनच्या २२ इनिंगसाठी जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मान-दालनात, गेला. ३१ जुलै २०१६ रोजी क्लीव्हलँडने अँड्र्यू मिलर घेतला, तेव्हा त्याचा करार २०१८ पर्यंतचा होता. म्हणजे तिथे तीन ऑक्टोबरांची संधी विकत घेतली जात होती, आणि दिलेल्या क्लिंट फ्रेझरकडून जी अपेक्षा होती ती पुढे पूर्ण झाली नाही.

त्या स्वाध्यायानंतर मी एक वही ठेवतो. डाव्या पानावर व्यवहाराची तारीख, हक्काची वर्षे, वय, संघातील रिकामी जागा आणि माझा अंदाज त्याच दिवशी शाईने लिहितो. उजवे पान पाच वर्षे कोरे राहते. ३१ जुलै २०२५ रोजी सॅन दिएगोने मेसन मिलर हा रिलीफ पिचर घेण्यासाठी १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप लिओ डी व्रीस आणि तीन पिचर दिले, तर मिलरबरोबर जे. पी. सीअर्स हा पिचरही त्यांना मिळाला. मिलरवरील हक्क २०२९ पर्यंत आहे. डावे पान मी त्याच रात्री भरले. डी व्रीसच्या वयाखाली दोनदा रेघ ओढली आहे.