आधी पंचनामा, मग रिस्टार्ट

गारपिटीनंतर तलाठी येऊन पंचनामा करेपर्यंत आडवं झालेलं पीक कोणी उचलत नाही. स्टोरेज सर्व्हर अडखळला की हीच शिस्त. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळायला नव्याने रुजू झालेल्यांच्या मागे प्रॉडक्शनवाल्यांचा एकच धोशा असतो, ‘रिस्टार्ट मार ना!’ लगेच मारू नका. डीमेसेज (dmesg) ही कमांड दाखवते ते कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश मेमरीत असतात, रिस्टार्टबरोबर पुसले जातात. जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, डिस्कवर साठत असेल तरच ती वाचणारी जर्नलसीटीएल (journalctl) कमांड मागच्या बूटचं, म्हणजे रिस्टार्टआधीचं काही दाखवते. ते साठतंय का, हे रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा.

बहुतेक लिनक्स सर्व्हरवर लॉग, सेटिंग्ज असं सगळं एका पुडक्यात बांधायला एसओएस रिपोर्ट (sos report) ही कमांड मिळते. ती रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर म्हणून चालवायची. ‘बॅच’ पर्याय दिला की मध्ये प्रश्न विचारत नाही. पुडकं व्हार-टेम्प (/var/tmp) या फोल्डरमध्ये बांधलं जातं, म्हणून आधी डीएफ (df) कमांडने तिथली मोकळी जागा बघा. कमी असेल तर ‘टेम्प-डिर’ने दुसरी जागा द्या, पण बिघडलेल्या ॲरेवरची, म्हणजे डिस्कच्या संचावरची नको. मेलेली डिस्क उत्तर देत नाही तेव्हा कमांड अडकल्यासारखी वाटते. एसओएसच्या प्रत्येक प्लगइनला, म्हणजे एकेका विषयाची माहिती गोळा करणाऱ्या भागाला, मुळात ३०० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात कंट्रोल-सी दाबून सगळं वाया घालवू नका.

खरा जीव डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडच्या आकड्यांत. मेगारेड कार्डामागे (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डामागे) डिस्क असेल तर नुसतं एसडीए (sda) हे लिनक्समधलं नाव देऊन कार्डाने बनवलेला आभासी व्हॉल्यूम दिसतो; डिस्कसाठी ‘मेगारेड’ आणि तिचा क्रमांक द्यावा लागतो. साटा (SATA) जोडणीच्या हार्ड डिस्कवर ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी बघा: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे), अडकलेले सेक्टर, वाचताच न आलेले सेक्टर. हे वाढत असतील तर डिस्क गेलीच समजा. १९९, म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुका, एकटाच वाढला तर डिस्कवर आळ घेऊ नका, दोष बहुधा केबलचा किंवा डिस्क जिथे खोचतात त्या बॅकप्लेनचा. हा आकडा केबल बदलल्यावरही खाली येत नाही, म्हणून बदलल्यानंतर तासाभराच्या अंतराने दोनदा नोंदवा. वाढ थांबली की केबलच दोषी होती. सॅस (SAS) जोडणीच्या डिस्कवर हे क्रमांक सापडत नाहीत, तिथे ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’, म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांची यादी बघायची. आणि साटावर १९४ म्हणजे तापमान. परभणीच्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत तो आधी बघावा.

कार्डाच्या लॉगमधली वेळ कित्येकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळेशी साडेपाच तासांचा फरक लक्षात घेतला नाही, तर पहाटे साडेतीनला लाइट गेली आणि लॉगमध्ये रात्री दहाला काय झालं, याचा संबंधच लागत नाही.

पुडकं बाहेर पाठवायचं असेल तर ‘क्लीन’ पर्याय वापरा, आयपी आणि सर्व्हरचं नाव झाकलं जातं. तरी एकदा उघडून नजर टाकाच. सोबतची चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का हे पडताळणारा आकडा) फाइलही पाठवा. अर्धवट अपलोड त्यावरून पकडता येतं.

डिस्क उपसताना एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका, रिस्टार्टनंतर ती बदलू शकतात. स्मार्टसीटीएलमधला सिरियल नंबर कागदावर लिहा आणि डिस्कच्या लेबलशी जुळला तरच ती सर्व्हरबाहेर काढा.