स्वीडिश वाक्यात क्रियेची अवस्था कशी दाखवावी

स्वीडिशमधील ‘हून लेसेर’ या वाक्याचा अर्थ ‘ती वाचते’ असाही होतो आणि ‘ती वाचत आहे’ असाही. क्रियाव्याप्ती, म्हणजे क्रिया चालू आहे की पूर्ण झाली हे दाखवण्याचा बराचसा भार या भाषेत वाक्यरचनेवर असतो. म्हणून शब्द जुळवण्यापूर्वी नेमकी कोणती अवस्था सांगायची आहे, हे ठरवून घ्यावे.

क्रिया चालू असल्याचे ठसवायचे असेल, तर शरीराची स्थिती सांगणारे क्रियापद आधी ठेवावे आणि मुख्य क्रियापद ‘ओक’ (आणि) या शब्दाने त्याला जोडावे: ‘हून सित्तेर ओक लेसेर’. आपल्या ‘वाचत बसली आहे’शी हे इतके जुळते, की मराठी भाषकाला ते जड जाऊ नये. स्वयंपाक सहसा उभ्याने होतो, म्हणून तेथे ‘सित्तेर’ऐवजी ‘स्तोर’ येते. मात्र दोन्ही क्रियापदांचे रूप सारखेच हवे. पूर्ण काळात ‘हार सुत्तित ओक लेस्त’ असे दोन्ही बदलतात. नकारार्थी ‘इन्ते’ पहिल्या क्रियापदानंतर ठेवावे. वाक्याची सुरुवात ‘न्यू’ने (आता) झाली, तर मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी राहते आणि कर्ता त्याच्यामागे जातो: ‘न्यू सित्तेर हून ओक लेसेर’.

क्रिया घडून गेली असून तिचा संबंध आताशी जोडायचा असेल, तेव्हा ‘हार’ हे सहायक क्रियापद वापरावे. मुख्य वाक्यात ‘इन्ते’ त्याच्यानंतर येते (‘हून हार इन्ते लेस्त बूकेन’, तिने पुस्तक वाचलेले नाही), पण गौण वाक्यात ते आधी सरकते: ‘अत्त हून इन्ते हार लेस्त बूकेन’ (की तिने पुस्तक वाचलेले नाही). नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो, तेव्हा या जोडीचा सराव सर्वांत जास्त करावा. लिखित भाषेत गौण वाक्यातले ‘हार’ अनेकदा गाळलेले दिसते. ‘ईगोर’ (काल) असा निश्चित भूतकाळ सांगितला असेल, तर साधे ‘लेस्ते’ वापरावे.

शेवटी क्रिया तडीस गेली का, ते पाहावे. ‘हून लेस्ते बूकेन पो एन तिम्मे’ म्हणजे तिने तासाभरात पुस्तक संपवले. ‘हून लेस्ते ई बूकेन ई एन तिम्मे’ म्हणजे ती तासभर पुस्तक वाचत होती, ते संपले की नाही हे कळत नाही. ‘एता उप्प’ (खाऊन टाकणे) यातील ‘उप्प’देखील पूर्णता दाखवते. त्यावर आघात द्यावा आणि ते कर्माच्या आधी ठेवावे: ‘हून ओत उप्प एप्लेत’, तिने सफरचंद खाऊन टाकले. शेजारच्या डॅनिशमध्ये मात्र अशा वाक्यात कर्म आधी येते.